भ्याव वाटणारा बनसोडे

चाकणच्या पट्ट्यात कामाला असणारा माणूस सहसा "मला भीती वाटते" असं म्हणत नाही. वाटत असली तरी म्हणत नाही. आमच्या निघोज्याच्या कंपनीत तर चालू मशीनच्या जाळीतून हात घालून अडकलेला पार्ट काढणाऱ्याच्या पाठीवर लोक थाप मारायचे. अशा ठिकाणी मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन बनसोडे भर शॉपफ्लोअरवर, सगळ्यांच्या देखत, जराही न लाजता म्हणायचा, "साहेब, मला भ्याव वाटायलंय."

मूळचा नांदेडकडचा. उंच, काटकुळा, कान जरा मोठे. शर्टाच्या खिशात कायम दोन टेस्टर. क्वालिटीला मी नवीन लागलो तेव्हा माझ्या टेबलावरची ट्यूब फडफडत होती म्हणून त्याला बोलावलं. त्याने वर बघितलं आणि अख्ख्या रांगेचा करंट बंद करायला सांगितला. सुपरवायझर ढमाले निघोज्याचाच, जुन्या घरातला माणूस. तो लांबूनच ओरडला, "आरं एका ट्यूबपायी आख्खी लाइन झोपवतो व्हय रं?" बनसोडे हात मागे बांधून उभा राहिला. करंट बंद झाल्यावर त्याने टेस्टर लावला. मग तोच टेस्टर घेऊन लांबच्या एका चालू पॉइंटला लावून आला, परत येऊन पुन्हा इथे लावला. मग दुसरा टेस्टर. मग हाताची उलटी बाजू तारेला हळूच टेकवली. त्यानंतर कुठे पंजाने धरली.

"टेस्टर खोटं बोलतो का?" मी विचारलं.

"बोलतो की. त्याची बी कधी कधी तब्येत बरी नसती."

लोक त्याला 'भ्यावशेठ' म्हणायचे. त्याला राग नव्हता. कंपनीच्या बसमध्ये तो आपत्कालीन खिडकीजवळच बसायचा आणि बसायच्या आधी खिडकीचा दांडा हलवून बघायचा. दांडा गंजला असेल तर उभ्याने यायचा, पण दुसऱ्या सीटवर बसायचा नाही. उलटा हात तर त्याचा देहस्वभावच झाला होता. दाराची कडी, चहाचा ग्लास, तापलेल्या लेकीचं कपाळ, सगळ्याला आधी उलटा हात. त्याची बायको सुनीतावहिनी हसून सांगायच्या, "लग्नात विहारात माझा हात यांच्या हातात दिला, तर आधी उलटा हात लावून बघितला यांनी. मी म्हणलं, करंट नाही हो मला, घ्या बिनधास्त."

आम्ही दोघंही पिंपळे गुरवला, एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर राहायचो, त्यामुळे बसमध्ये बरोबर असायचो. चाकणच्या चौकात बस अडकली की ती कधी सुटेल याचा नेम नसतो. अशाच एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, की बाबा रे, एवढी भीती आली कुठून?

त्याने खिडकीबाहेर बघतच सांगितलं. पुण्यात नवा आला तेव्हा भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो हेल्पर होता. शेजारी ड्रिल मशीनवर अंकुश नावाचा एकजण असायचा. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच डब्यात जेवायचे. एके दिवशी मशीनच्या बॉडीला करंट उतरला. अंकुशने हँडल धरलेलं होतं.

"तो ओरडला नाई, साहेब. मला वाटलं माझ्याकडं बघून हसायलाय. करंट लागला की मूठ मिटती. माणूस सोडतो म्हणला तरी सुटत नाई. मी बघत ऱ्हायलो. मला कळलंच नाई काय चालू हाय." मग म्हणाला, "उलट्या हाताला लागला तर हात झटकला जातो, तारेवर मिटत नाई. हे मला नंतर कळलं."

बस पुढे सरकली. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

असा हा माणूस सुट्टीच्या दिवशी घरी गेम खेळायचे कॉम्प्युटर जोडायचा. सुरुवात लेकीपासून झाली. प्रज्ञाला शाळेसाठी कॉम्प्युटर हवा होता आणि बनसोडेला, हे त्याने फार उशिरा कबूल केलं, ट्रक चालवायचा होता. खराखुरा ट्रक चालवायची त्याची हिंमत नव्हती. दुकानात टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे कन्सोल, बघून तो परत आला आणि त्याच किमतीत कॉम्प्युटर बसवायच्या मागे लागला. मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर भंगारात येतात. त्यातला बरा प्रोसेसर घ्यायचा, त्यात मेमरी वाढवायची, गेमचं चित्र पळवणारं एक जुनं पण दमदार ग्राफिक्स कार्ड घालायचं. चित्र टीव्हीवरच बघायचं. झाला डब्याच्या तोडीचा कॉम्प्युटर, शिवाय त्यावर अभ्यास होतो. त्याच्यावर तो घाटातून ट्रक चालवायचा. मी एकदा शेजारी बसून बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि हा लाल सिग्नलला थांबलेला.

"बनसोडे, गेम आहे हा."

"असू द्या. सवय मोडती."

गल्लीत बातमी पसरली आणि लोक येऊ लागले. बनसोडेची एकच अट असायची. बाकी सगळं जुनं चालेल, पण एसएमपीएस नवा आणि चांगलाच. घरातला करंट कॉम्प्युटरला पचेल असा करून देणारी ती चौकोनी पेटी. पोरं त्यावरच काटछाट करायला बघायची, कारण तिने गेम पळत नाही आणि ती दिसतही नाही. त्यांना रंग बदलणाऱ्या लाइटी हव्या असायच्या. बनसोडे म्हणायचा, "लाइट नंतर लावू. आधी घर जळू नाई असं बघू." जे ऐकायचे नाहीत त्यांना हात जोडून परत पाठवायचा.

माझी मुलगी सई बारावी झाली आणि तिने कन्सोल मागितला. मी तिला बनसोडेकडे नेलं. मला वाटलं, हा आता आपल्या कॉम्प्युटरची बाजू घेईल. त्याने सरळ सांगितलं, "हे बघ बाई, त्याच पैशात डब्यावर गेम जास्त गुळगुळीत पळतो. मी खोटं सांगणार नाई. अन् डबा बंद येतो, त्यात कोनाचा हात जात नाई, त्यामुळं मला बी तो आवडतो. पर त्याचे गेम महाग. अन् त्याच्यावर तुझं कॉलेजचं काम होणार नाई. तू ठरव."

सईने विचार करून कॉम्प्युटर ठरवला. राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड. त्याची जाहिरात बनसोडेला मोबाइलवर दिसली, पत्ता आमच्या कंपनीच्याच मागच्या अंगाचा. आमची सुट्टी गुरुवारी. भर दुपारी आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर गेलो.

कंपन्यांच्या भिंती संपल्यावर एक कच्चा रस्ता होता आणि त्याच्या टोकाला पत्र्याची शेड. दारात जाड मानेचा एक माणूस उभा होता. "या की आत. कशाला भेताय?" म्हणाला, आणि आम्ही आत शिरताच त्याने मागून शटर ओढलं. बाहेर आवाज जायला नको, म्हणे.

आत भट्टीसारखं गरम होतं. लोखंडी मांडण्यांवर ओळीने कार्डं टांगलेली, प्रत्येकाचे पंखे किंचाळत होते. कॉम्प्युटरवर आभासी नाणी तयार करायचा तो धंदा होता. तो बुडाला म्हणून माणूस कार्डं विकत होता. भिंतीजवळ मोठे कूलर गळत होते, जमिनीवर पाण्याचा पातळ थर. पत्र्याच्या फटीतून जाडजूड वायर आत आली होती. तिचा सांधा उघडा, नुसता पिळलेला. ती कुठल्या खांबावरून आली असेल हे विचारायची गरज नव्हती.

मला घाम फुटला. आधाराला मी मांडणीकडे हात केला.

"साहेब, हात खिशात घाला. दोनी." बनसोडेचा आवाज इतका बारीक आला की मी वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने टेस्टर काढून मांडणीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

शेडवाल्याने ते बघितलं आणि त्याचा सगळा नूरच पालटला. "लाइटवाले हाय का तुमी? पकडाया आलाय?" तो शटरला पाठ लावून उभा राहिला आणि फोन कानाला लावला. "आरं, ये इकडं. दोगं जण घुसल्यात." मग हात लांब करून कोपऱ्यातली पहार घेतली.

शटर बंद, बाहेर माणूस नाही, आणि आतल्या आवाजात आम्ही ओरडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

"आमी लाइटवाले नाई, भाऊ," बनसोडे म्हणाला. "कार्ड घ्यायला आलो. मला भ्याव वाटायलंय. तुमचं नाई. ह्या लोखंडाचं. ह्याच्यात करंट उतरलाय. तुमच्या पायात बूट हायत म्हणून तुमी बोलायलाव."

"मला शिकवतो?"

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली. स्टीलचा ट्रे, अनवाणी पाय. पाहुणे आलेत एवढंच तिला माहीत. ती दोन मांडण्यांच्या मधल्या अरुंद वाटेने पाण्यातून सरळ आमच्याकडे येऊ लागली.

"थांबा!"

बनसोडे असा ओरडला की त्याच्या काटकुळ्या शरीरात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. बाई जागच्या जागी थिजली. ट्रेची कडा मांडणीपासून वीतभर असेल. "ताई, हलू नका. काई धरू नका. ट्रे पोटाशी घ्या." आणि शेडवाल्याला, "मेन कुठाय? मेन बंद कर, बाबा, हात जोडतो!"

शेडवाल्याने एकदा बायकोकडे बघितलं. त्याच्या हातातली पहार गळून पडली. तो धावत जाऊन खटका ओढेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. बाईचे डोळे बनसोडेवर होते आणि बनसोडे तिला सारखा म्हणत होता, "झालं बगा, झालं बगा."

पंखे एकामागून एक थांबले. त्या शांततेत कपबशा ट्रेवर थडथडताना ऐकू येत होत्या.

मग माणसाने शटर उघडलं, चांगलं बघून एक कार्ड हातात दिलं आणि बायकोजवळ जाऊन खाली बसला. रस्त्यावर आल्यावर बनसोडे दगडावर बसला. पाणी प्यायला, तर बाटली दातांवर आपटत होती. "साहेब, हळू चालवा बरं का," एवढंच म्हणाला.

पुढच्या गुरुवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर सईचा कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसर खाचेत बसवून वरचा दांडा दाबताना कर्र असा आवाज येतो, तेव्हा बनसोडे श्वास धरून डोळे मिटून घ्यायचा. सगळं झालं. सई बटण दाबायला पुढे झाली तर म्हणाला, "थांब. आधी तुमच्या घराचं बघू." त्याने भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक तपासलं. त्या भोकामागे तारच नव्हती. मग स्वयंपाकघरातलं तपासलं, बाथरूममधलं तपासलं. अख्ख्या घरात अर्थिंग नव्हतं. गीझरलासुद्धा. बिल्डरने भोकं पाडली होती, मागे तार घालायचे कष्ट घेतले नव्हते.

"एवढी वर्षं आम्ही याच गीझरखाली आंघोळ करतोय," माझी बायको म्हणाली आणि जाऊन गीझरचं बटण बंद करून आली.

बनसोडेने सईचा कॉम्प्युटर चालू करायला साफ नकार दिला. सई रडली, रुसली, कन्सोल घेतला असता तर एव्हाना खेळत असते म्हणाली. तो ऐकेना. सोसायटीच्या लोकांना त्याने एकेकाला बोलावून टेस्टर दाखवला. चेअरमन कुरकुरले, पण बाया घाबरल्या होत्या, आणि त्यांनी काम करून घेतलं. जमिनीत खड्डा घेऊन पट्टी पुरली, घरोघरी तार फिरली, करंट गळला की आपोआप पडेल असा खटका बसला. मग बनसोडे पुन्हा आला. आम्हा सगळ्यांना गॅलरीत उभं केलं, स्वयंपाकघरातून लाटणं मागून घेतलं आणि हात लांब करून लाटण्याच्या टोकाने बटण दाबलं. पंखा फिरला, टीव्हीवर अक्षरं उमटली. सई हसून हसून खाली बसली. बनसोडे मात्र आणखी थोडा वेळ तसाच, लाटणं रोखून उभा होता.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. यापुढचं नाही.

आमच्याकडे रोबोटने वेल्डिंग करायचा एक जाळीचा पिंजरा होता. आत दुरुस्तीला जाणाऱ्याने बाहेरच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी खिशात ठेवायची, असा नियम. कुलपाला त्याचा फोटो लावलेला. आत माणूस आहे तोवर करंट देता येत नाही. हा नियम शब्दशः पाळणारा माणूस म्हणजे बनसोडे.

त्या दिवशी तो कुलूप लावून आत गेला आणि वेल्डिंगच्या टेबलाखाली उताणा पडून केबल बदलत होता. शिफ्ट बदलायची वेळ. माल कमी पडत होता, वरून फोनवर फोन येत होते. ढमालेने कुलूप बघितलं, त्यावरचा फोटो ग्रीसने काळा झाला होता. त्याला वाटलं, सकाळच्या शिफ्टचा कुणी विसरून घरी गेलाय. त्याने आत हाक मारली. त्या गोंगाटात उत्तर आलं नाही. त्याने ग्राइंडर मागवला आणि कुलूप कापलं.

मी समोरच्या टेबलावर होतो. मला फक्त हिरवा दिवा लागलेला दिसला. मग रोबोटचा पिवळा हात उचलला गेला, वळला आणि खाली आला. टेबलाखालून बाहेर आलेले दोन बूट मला दिसले. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. हात पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. त्याच वेळी बनसोडे खालून बाहेर सरकला होता आणि त्याचं डोकं बरोबर त्या हाताच्या वाटेत होतं. कुणीतरी लाल बटण दाबलं. हात थांबला तो त्याच्या तोंडावर. मधे एक ओंजळ मावेल एवढीच जागा.

कुणालाच पुढे व्हायचा धीर होईना. तो तसाच पडून होता, डोळे उघडे. मग कूस बदलून बाहेर आला, उभा राहिला, कपडे झटकले. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो नेहमीचं वाक्य म्हणेल याची वाट बघत होतो. ढमाले त्याचे पाय धरून पोरासारखा रडत होता, "माफ कर रं, मला न्हाई कळलं, आईशप्पत न्हाई कळलं."

बनसोडे म्हणाला, "केबल बदलली. चालू करा."

चौकशी झाली, ढमालेची बदली झाली. बनसोडेला रजा देऊ केली, त्याने घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो समोरच्या पहिल्या सीटवर बसला. नंतर नंतर दरवाजाच्या पायरीवर उभा राहून यायला लागला. खिशात टेस्टर दिसेनासे झाले. कामावरची माणसं म्हणाली, भ्यावशेठ मर्द झाला. मला ते बघवत नव्हतं.

एके सकाळी सुनीतावहिनी आमच्या दारात आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊजी, हे आता घाबरत नाहीत."

मला पटकन हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते तिथेच मेलं.

"झोपत पण नाहीत. डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडतात. काल उकळत्या तेलातली पुरी बोटानं काढली. मी ओरडले तर म्हणाले, काई होत नाही. प्रज्ञा आता त्यांच्याजवळ जात नाही. म्हणते, बाबासारखा दिसणारा दुसराच कोणी आहे."

मी त्याच्याशी बोलतो म्हणालो. पण त्याच सुमाराला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अश्विनी नावाच्या नर्सने आपल्या भावासाठी त्याला कॉम्प्युटर सांगितला होता. सईचा बघून तिला हुरूप आला होता. तो घेऊन आला तेव्हा तिने मला कौतुकाने बोलावलं. काचेचा डबा, आत इंद्रधनुष्यासारख्या लाइटी. खोलीत पाळणा टांगलेला, पाळण्यात तिचं बाळ झोपलेलं.

मी डब्याच्या मागच्या बाजूने वाकून बघितलं. एसएमपीएसवर धड नावसुद्धा नव्हतं. हातात घेतला तर पोकळ डब्यासारखा हलका लागला असता.

"बनसोडे, हा कुठला?"

"चालतंय."

"तूच सांगायचास ना की—"

"चालतंय सगळं, साहेब," असं म्हणून त्याने बटण दाबलं. अंगठ्याने. पाळणा त्याच्या मागे हातभर अंतरावर होता.

लाइटी लागल्या, अश्विनीने टाळी वाजवली. मग आतून कुणीतरी चाबूक मारल्यासारखा आवाज झाला, काचेत निळा लोळ दिसला आणि जळक्या प्लास्टिकचा काळा धूर उसळला. अश्विनीने किंचाळत बाळ उचललं आणि बाहेर पळाली. मी मेनकडे धावलो, तर खटका आपणहून पडलेला होता. त्यानेच हट्टाने सोसायटीला बसवायला लावलेला तो खटका. पंखा बंद पडत गेला.

मी मागे वळलो. बनसोडेने आपला पुरा पंजा त्या धुमसणाऱ्या पत्र्यावर ठेवला होता. दाबून. आणि नुसता उभा होता, एखाद्या गाईच्या पाठीवर हात ठेवावा तसा. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, दचकणं नव्हतं, काहीच नव्हतं. आयुष्यात मी इतका कशालाच भ्यालो नाही. मी त्याचा हात ओढून काढला. कातडीचा वास आला.

"काई झालं नाई," तो मला समजावत म्हणाला.

तळहाताला पट्टी बांधून त्याला मी घरी नेलं. सुनीतावहिनींनी दोन दिवसांत बिऱ्हाड हलवलं आणि त्याला घेऊन दिघीला आपल्या भावाकडे गेल्या. तिथल्या ओळखीने त्याला मनाच्या डॉक्टरांकडे दाखवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले होते, शरीर पिंजऱ्यातून बाहेर आलंय, माणूस अजून आतच अडकलाय, वेळ लागेल.

पुढे एका गुरुवारी दुपारी मी भेटायला गेलो. पहिल्या मजल्यावरची खोली, खिडकीतून लष्कराच्या हद्दीतली टेकडी दिसत होती. बनसोडे लोखंडी पलंगावर बसला होता. दाढी केलेली, कपडे स्वच्छ. बोलत होता, पण विचारलं तेवढंच. सईचं कॉलेज कसं चाललंय, विचारलं नाही. प्रज्ञा दुसऱ्या टोकाला पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. वहिनी कांदा चिरत होत्या.

आणि टेकडीकडे बार झाला. सरावाचे बार तिथे होत असतात, दिघीचे लोक ते कानाआड करतात. पण हा मोठा होता. खिडकीची तावदानं खडखडली, मांडणीवरचं भांडं खाली पडलं.

बनसोडे पलंगावर नव्हता.

तो पलंगाखाली गेला होता. पार भिंतीपर्यंत. दोन्ही हात तोंडावर आडवे धरून तो उताणा पडला होता आणि त्याच्या घशातून एक आवाज येत होता, लहान, सारखा, लेकराने ढगांच्या गडगडाटाला घाबरून काढावा तसा. प्रज्ञा उभी राहिली. वहिनींच्या हातातला कांदा घरंगळत गेला. त्या तशाच जमिनीवर आडव्या झाल्या आणि सरपटत त्याच्याजवळ गेल्या.

"वर हाय का?" तो विचारत होता. "सुनीता, वर हाय का तो अजून? खाली यायलाय का?"

"नाही हो. बंद केलाय."

"कोनी बंद केला?"

"मी. मी केला. मी उभी आहे तिथं. कुणाला हात लावू देत नाही."

मग तो रडायला लागला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, सगळं अंग थरथरवत. वहिनी त्याला कवळून पडून राहिल्या आणि मी बघितलं, त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र उजळला होता. प्रज्ञाने पुस्तक ठेवलं, पलंगाखाली हात घातला आणि बापाचं पाऊल धरलं. सोडलंच नाही.

उन्हाळ्यात ते सगळे नांदेडला गेले. तिकडे तो बरा आहे, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. मी काही त्याला त्यानंतर पाहिलेलं नाही. माझ्याजवळ शेवटचा बनसोडे आहे तो त्या दुपारचा. हुंदके हळूहळू विरळ होत गेले, मग थांबले, आणि पलंगाखालून घोरण्याचा आवाज येऊ लागला. वहिनींनी मान वर केली, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "झोपले," त्यांनी नुसते ओठ हलवून सांगितलं.

मी उठलो, दार आवाज न करता लोटलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.